घर कोणाला, हे ठरवते कोण?

सवलतीच्या घरांना मागणी नेहमीच जास्त आणि पुरवठा अपुरा असतो. बाजारात हा पेच किंमत वाढवून सुटतो. ज्याच्यापाशी पैसा नाही तो आपोआप बाद होतो. शासनाने किंमत खाली आणली की बाद कोणाला करायचे, हे दुसऱ्या कोणीतरी ठरवावे लागते. ते कोण ठरवते आणि नाकारलेल्याला त्याचे कारण कळते का, हा सोलापूरसारख्या कामगारांच्या शहरात निव्वळ राजकीय प्रश्न आहे. तो कारकुनी समजला जातो, हीच मोठी चलाखी होय.

२०१५ च्या प्रधानमंत्री आवास योजनेने शहरांसाठी पात्रता बारकाईने सांगितली. दुर्बल घटकाचे वार्षिक उत्पन्न ३ लाख रुपयांपर्यंत असावे आणि कुटुंबाच्या नावे देशात कोठेही पक्के घर नसावे. अपंग, ज्येष्ठ, एकट्या स्त्रिया यांना प्राधान्य द्यावे, असेही म्हटले. परंतु पात्रता म्हणजे क्रम नव्हे. घर एक आणि पात्र दहा असतील तेव्हा काय करायचे?

तेव्हा क्रम कागद लावतो. पूर्व भागात घरी विड्या वळणाऱ्या बाईची मजुरी हजारावर असते. दाखल्यासाठी कचेरीत गेलेला दिवस म्हणजे न वळलेल्या विड्या. ती दोनदा जाईल, तिसऱ्यांदा जाणार नाही. तिचे नाव कोणी खोडलेले नसते, ते फक्त यादीत नसते. ज्या खोलीत पोरे झोपतात तीच तिचा कारखाना, तेथेच पाने आणि तंबाखू. पात्रतेच्या निकषांत याला स्थान नाही. तिच्यापाशी निदान विडी कामगाराचे ओळखपत्र तरी असते. कचरा वेचणारीने आपला धंदा कोणत्या कागदाने सिद्ध करावा?

यावर सोडतीचा तोडगा सुचवला जातो. चिठ्ठी पक्षपात करीत नाही, हे खरे. पण सारख्या गरजेच्या माणसांतच ती न्याय देते. आठ माणसांच्या एका खोलीला आणि तीन माणसांच्या दोन खोल्यांना एकाच डब्यात टाकणे म्हणजे जबाबदारी झटकणे होय. ब्रिटनमध्ये नगरपरिषदांनी दाटी, आजार, बेघरपणा यांना गुण देऊन प्रतीक्षायाद्या चालविल्या आणि १९९६ च्या कायद्याने वाटपाचे नियम जाहीर करणे त्यांना बंधनकारक केले. (१९८० पासून तीच घरे विकून थॅचरबाईंनी साठा आटवला, ही कहाणी वेगळी.)

सोलापुरात वाट काढली ती कामगारांनीच. कॉ. नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली कुंभारीच्या माळावर विडी कामगार स्त्रियांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली. २००६ मध्ये तेथे दहा हजार घरे मिळाली. साठ हजारांच्या घरात केंद्र, राज्य आणि कामगार यांचा वाटा प्रत्येकी वीस हजार. पुढे असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांचे रे नगर आले. त्यातील पंधरा हजारांचे हस्तांतरण १९ जानेवारी २०२४ रोजी झाले. माणसे गोळा केली ती संघटनेने. हे श्रेय निर्विवाद आहे, आणि म्हणूनच एक कटू गोष्ट बोलली पाहिजे. संघटनेची यादीही सत्ताच असते. जो मोर्चाला आला नाही, ज्याची वर्गणी थकली, त्याची गरज त्यामुळे कमी होत नाही. महापालिकेकडून उघडेपणा मागणाऱ्यांनी आपल्या याद्याही उघड्यावर वाचाव्यात.

महापालिकेला तर आता सबबही उरलेली नाही. मार्च २०२२ पासून जवळजवळ चार वर्षे सोलापुरात निवडून आलेले सभागृह नव्हते. गरिबाने दाद मागायची ती प्रशासकाच्या दारात. जानेवारी २०२६ च्या निवडणुकीने नगरसेवक परत आले आहेत. नगरसेवकाच्या शिफारशीच्या चिठ्ठ्यांची जुनी वाट पुन्हा मळण्याआधी त्यांनी गरजेचे गुण ठरवून ते सभागृहात मंजूर करावेत. अर्ज भरून घ्यायला कर्मचारी वस्तीत पाठवावेत, नाकारलेल्याला लेखी कारण द्यावे, आणि यादी गुणांसह प्रभागात लावावी. पूर्व भागात ती तेलुगूतही लावावी लागेल.