जळके तेल आणि लातूरचे पाणी

जुन्या वाहनांविषयीचे सरकारी धोरण गेल्या काही वर्षांत उत्तरोत्तर कडक होत गेले आहे. २०२१ साली वाहने मोडीत काढण्याचे धोरण जाहीर झाले. २०२२ पासून पंधरा वर्षांवरील खासगी वाहनांच्या फेरनोंदणीचे शुल्क वाढले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरील मोटारसायकलीसाठी ते दोन हजार, तर मोटारीसाठी दहा हजार रुपये करण्यात आले. धूर ओकणारी वाहने रस्त्यावरून दूर व्हावीत, हा यामागील हेतू वाजवीच म्हणावा लागेल. परंतु नांदेड-लातूरकडे जुनी गाडी ही बहुधा हौस नसून गरज असते. कंधारच्या शाळेत रोज जाणारा शिक्षक किंवा अहमदपूरच्या कचेरीतील कारकून शुल्क भरील आणि तीच गाडी आणखी पाच वर्षे चालवील. ती कशी चालते, हा प्रश्न शुल्काने सुटत नाही. तो पुष्कळ अंशी इंजिनातील तेलाशी येऊन ठेपतो.

तेल घेताना आपण भाव पाहतो, नाही तर दुकानदाराचा शब्द मानतो. डब्यावरील आकडे मात्र क्वचितच कोणी वाचतो. ‘२० डब्ल्यू ४०’ यातील पहिला आकडा थंडीत तेल किती वाहते राहते हे सांगतो, तर दुसरा ते तापल्यावर किती दाट राहते हे. मराठवाड्यात हिवाळ्याची धास्ती फारशी नाही. मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीस अंशांवर जातो, तेव्हा दुसऱ्या आकड्याचे महत्त्व अधिक. झिजलेल्या इंजिनात भागांमधील फट वाढलेली असते. अशा इंजिनात आजच्या नव्या मोटारींचे अतिपातळ तेल घातल्यास ते जळते आणि झिरपते. मात्र जितके दाट तितके चांगले, हा समजही तितकाच चुकीचा आहे. फाजील दाट तेल इंजिन सुरू करताना वरच्या भागांपर्यंत उशिरा पोहोचते, आणि झीज नेमकी त्या काही क्षणांत होते. गाडीसोबत आलेल्या पुस्तिकेत दिलेला दर्जा, हाच येथे खरा आधार.

‘नवे ते उत्तम’ हा नियमही तेलाला सरसकट लागू होत नाही. जुन्या फियाट वा अँबॅसडरच्या इंजिनात कॅमवर सपाट टॅपेट घासत असतात. तेथील झीज रोखण्याचे काम तेलातील जस्त व फॉस्फरसची संयुगे करतात. नव्या गाड्यांतील धूर शुद्ध करणाऱ्या यंत्रणेला फॉस्फरस बाधतो, म्हणून २००४ पासून पातळ तेलांत त्याचे प्रमाण उतरविण्यात आले. नव्या गाडीला जे हितकारक, ते जुनीला अपुरे पडू शकते. उलट, मोटारसायकलीत इंजिन, गिअर आणि क्लच या तिघांना बहुधा एकच तेल पुरते. मोटारीसाठीचे घसरट तेल तिच्यात घातले की क्लच घसरू लागतो. म्हणून तिच्या डब्यावर ‘जासो एमए’ ही खूण पाहूनच तेल घ्यावे.

तेल बदलण्याचा हिशेब केवळ किलोमीटरवर ठेवणेही पुरेसे नाही. कमी फिरणाऱ्या गाडीचे इंजिन पुरते तापत नाही आणि पेट्रोलचा अंश व ओल तेलात साचत राहते. म्हणून अंतर भरले नाही तरी वर्षातून एकदा तेल बदलणे हिताचे. इंजिन कोमट असताना तेल काढावे म्हणजे गाळही निघून येतो. फिल्टर असल्यास तोही बदलावा. रिकामा डबा फोडून टाकावा, म्हणजे त्यात भेसळीचे तेल भरून तो पुन्हा विक्रीला येणार नाही.

येथवर प्रश्न गाडीमालकाच्या खिशाचा आहे. बाहेर काढलेल्या काळ्या तेलाचे काय, हा मात्र सर्व समाजाचा प्रश्न आहे. एक लिटर जळके तेल दहा लाख लिटरपर्यंत पाणी नासवू शकते, असा अंदाज सर्वत्र दिला जातो. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वेगाडी आली, तेव्हा तिच्या दहा वाघिणींत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. मोटारसायकलीच्या एका बदलीत निघणारे तेल लिटरभराच्या आसपास असते. म्हणजे तेवढे गटारात गेले, तर तशा दोन गाड्यांचे पाणी वाया जाऊ शकते! नांदेडची तहान विष्णुपुरीच्या जलाशयावर भागते. गोदावरीकाठच्या या शहरालाही हा हिशेब चुकणारा नाही.

जळके तेल आपल्याकडे वाया जात नाही, असे कोणी म्हणेल. ते बैलगाडीच्या आसाला लावतात, वाळवी लागू नये म्हणून लाकडाला फासतात, सेंट्रिंगच्या फळ्यांवर ओततात. ही काटकसर खरी. पण इंजिनात झिजलेले धातू आणि घातक द्रव्ये त्या वाटेने अखेर मातीतच जातात. तेच तेल शुद्ध केले तर त्यातून पुन्हा वंगण मिळते, हे अधिक मोलाचे.

कायद्याने याची दखल घेतली आहे. १ एप्रिल २०२४ पासून वापरलेल्या तेलाच्या पुनर्वापराची जबाबदारी तेल उत्पादकांवर आली आहे. परंतु ही साखळी सुरू होते ती रस्त्याकडेच्या मेस्त्रीच्या परातीपासून. ती परात जोवर गटाराकडे वळते, तोवर दिल्लीतील अधिसूचना कागदावरच राहणार. नांदेड-वाघाळा आणि लातूर महानगरपालिकांनी प्रत्येक गॅरेजवस्तीत झाकणाचे पिंप ठेवावे, उत्पादकांच्या खर्चाने ते ठरल्या दिवशी उचलले जावे, आणि आणून दिलेल्या प्रत्येक लिटरमागे मेस्त्रीला चार पैसे मिळावेत. पैसे मिळू लागले की उपदेशाची गरज उरत नाही. गाडीमालकानेही तेल बदलून घेताना ‘जुने कोठे टाकणार?’ एवढे विचारावे. पंधरा वर्षांच्या गाडीकडून शुल्क घेणाऱ्या शासनाने तिच्या पोटातून निघणाऱ्या तेलाचीही सोय करावी, ही अपेक्षा अवास्तव नाही. रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या प्रदेशाला तरी या प्रश्नाकडे किरकोळ म्हणून पाहणे परवडणारे नाही.