चकती गेली, मालकीही गेली

व्हिडिओ गेमसारख्या विषयाला या स्तंभात जागा द्यावी काय, असे आमचे काही जुने सहकारी विचारतील. कंत्राटी पद्धतीचे आणि वनपट्ट्यांचे प्रश्न लोंबकळत असताना हे लाड कशाला? परंतु तारापूर औद्योगिक वसाहतीतली पाळी संपवून बोईसरच्या खोलीवर परतणारा तरुण कामगार विरंगुळा कशात शोधतो हे ज्या कार्यकर्त्याने पाहिले आहे, तो असे विचारणार नाही. मजुरीच्या पैशातून तो जे विकत घेतो ते त्याचे होते की नाही, हा मालकीचा प्रश्न आहे. आणि मालकीचा प्रश्न आमच्या कक्षेबाहेर कधीच नव्हता.

खेळ चकतीवर मिळत होता तोवर व्यवहार सरळ होता. दोघातिघांनी वर्गणी काढून एक चकती घ्यावी, आळीपाळीने खेळावी, मन भरले की निम्म्या किमतीला विकून दुसरी आणावी. कंपनीला विचारण्याचे कारण नसे. डाऊनलोड केलेला खेळ मात्र खातेदाराच्या नावाशी जखडलेला असतो. तो विकता येत नाही, मित्राच्या हाती देता येत नाही. पडद्यावर 'खरेदी करा' असे लिहिलेले असले तरी अटींच्या बारीक मजकुरात हाती पडतो तो केवळ वापराचा परवाना, आणि तोही कंपनीला रद्द करता येण्याजोगा.

भारतात २०२१ मध्ये प्लेस्टेशन ५ आले ते दोन रूपांत. चकती बसणारे ४९,९९० रुपयांना, न बसणारे ३९,९९० रुपयांना. दहा हजार वाचवणारा ग्राहक जुन्या चकत्यांच्या बाजारातून कायमचा बाद झाला. यापुढे त्याने कंपनीच्या दुकानातून कंपनीच्या भावाने घ्यायचे. ज्याच्या खिशात कमी, तोच दुकानाला अधिक बांधलेला! सावकाराच्या दुकानातूनच माल उचलण्याची सक्ती म्हणजे काय, हे डहाणू-तलासरीच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. वारल्यांनी १९४५ साली ज्या वेठीविरुद्ध उठाव केला तिच्या यातनांशी खेळाची तुलना करणे क्रूरपणाचे ठरेल, आणि ती आम्ही करीत नाही. पण कसणारा एक आणि सातबारा दुसऱ्याच्या नावे, ही रचना ओळखीची आहे. १ एप्रिल १९५७ रोजी कायद्याने कुळाला मालक मानले. इथे प्रवास उलट दिशेने चालला आहे : मालकाचे कूळ होत आहे.

तथापि चकतीची पूजा बांधण्याचेही कारण नाही. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांत चकतीचे दुकान कधी पोहोचले नाही. तेथे खेळ पोहोचला तो मोबाईलच्या मनोऱ्यामुळेच. शिवाय चकती हाती असली म्हणजे खेळ हाती असतो, असेही आता उरलेले नाही. युबिसॉफ्ट कंपनीने २०१४ साली काढलेल्या 'द क्रू' या खेळाचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ रोजी बंद केले, तेव्हा ज्यांच्या कपाटात रीतसर चकत्या होत्या त्यांचाही खेळ त्याच दिवशी संपला. आपल्याकडे सप्टेंबर २०२० मध्ये पबजीवर बंदी आली. बंदीच्या योग्यायोग्यतेत आम्ही इथे शिरत नाही. पैसे मोजून त्या खेळात जमवलेला साठा पुढच्याच महिन्यात वापराबाहेर गेला. २०२१ साली नव्या नावाने आलेल्या खेळात तो नेण्याची मुभा मिळाली, ती कंपनीची मेहेरबानी म्हणून, ग्राहकाचा हक्क म्हणून नव्हे.

सरकारचे वर्तन तर याहून चमत्कारिक आहे. चकतीवर तयार विकले जाणारे सॉफ्टवेअर ही वस्तूच होय आणि तिच्यावर विक्रीकर बसतो, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये आंध्र प्रदेश सरकारच्या बाजूने दिला. आज डाऊनलोडवरही वस्तू व सेवा कर घेतला जातोच. कर भरताना ग्राहक पुरा ग्राहक. हक्क मागताना मात्र तो निव्वळ परवानाधारक!

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने १ जानेवारी २०२५ पासून, केवळ परवाना देत असाल तर तसे स्पष्ट सांगितल्याखेरीज 'खरेदी' हा शब्द वापरण्यास मनाई केली आहे. विकलेले खेळ मारून टाकू नयेत, या मागणीवर युरोपात २०२५ मध्ये दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. आपल्याकडे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात 'अन्याय्य करार' ही संज्ञा आहे. वाजवी कारणावाचून एकतर्फी करार मोडण्याचा अधिकार एका पक्षाला देणारी अट तीत बसते. हत्यार आहे, पण ठेवले आहे उंचावर : अशा कराराविरुद्धची तक्रार जिल्हा आयोगाच्या अधिकारात नाही, ती राज्य आयोगापुढे न्यावी लागते. दोन हजारांच्या खेळासाठी बोईसरच्या कोणत्या कामगाराने रोज बुडवून मुंबई गाठावी?

तेव्हा मागण्या नेमक्या हव्यात. अन्याय्य कराराच्या लहान रकमांच्या तक्रारी जिल्हा आयोगाकडे याव्यात. 'खरेदी' म्हणून विकलेला खेळ दुसऱ्याला देण्याचा वा विकण्याचा हक्क मिळावा. सर्व्हर बंद करणाऱ्या कंपनीने तो खेळ सर्व्हरवाचून चालेल अशी सोय करावी, नाहीतर पैसे परत करावेत. १९५४ च्या कायद्यान्वये प्रत्येक पुस्तकाची प्रत राष्ट्रीय ग्रंथालयात जमा होते. खेळांनाही तो नियम लावण्यास हरकत नसावी. कायदा केंद्राचा असल्याने हे निवेदन पालघरच्या खासदारांमार्फत केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्रालयाकडे जावे. सह्या गोळा करण्याचे काम तारापूरच्या कारखान्यांच्या गेटवर, पाळी सुटण्याच्या वेळी सुरू करता येईल.