वन्समोअर कोणाकडे मागायचा?

संगीतपट बघायला एकट्याने जाऊ नये. रहस्यपटाला एकट्यानेच जावं, नाहीतर शेजारचा मध्यंतराच्या आधीच खुनी कोण ते सांगून मोकळा होतो. रडवणारा चित्रपटही एकट्याला बरा. निदान डोळे पुसताना कुणी बघत नाही. पण गाण्याचा चित्रपट असेल, तर शेजारच्या खुर्चीत ओळखीचं माणूस हवं, आणि ते शक्यतो आपल्याशी न पटणारं असावं.

माझ्याकडे असा एक मित्र आहे, मिरजेचा. शाळेपासून सगळे त्याला ‘बुवा’ म्हणतात, पण बुवा गात नाही. तो फक्त ऐकतो आणि ऐकून झालं की नावं ठेवतो. त्यात त्याचा तरी काय दोष? ज्या गावात तंबोऱ्याचे भोपळे उन्हात वाळत ठेवलेले असतात, जिथे ख्वाजा शमना मीरांच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे आणि उरुसात दूरदूरचे कलावंत येऊन त्यांच्यासाठी गाऊन जातात, त्या गावच्या माणसाला गाण्याबद्दल मत नसून चालतच नाही.

2015 च्या दिवाळीत, 12 नोव्हेंबरला, ऐन पाडव्याला तीन चित्रपट एकदम लागले. सलमान खानचा ‘प्रेम रतन धन पायो’, मराठीतला ‘मुंबई-पुणे-मुंबई 2’ आणि सुबोध भावेचा ‘कट्यार काळजात घुसली’. बुवाला फोन केला.

“कट्यारला येतोस?”

“कट्यार वसंतरावांची. तिला कुणी हात लावायचा नाही.”

“मग नको येऊस.”

“येणार ना. कुठे कुठे चुकलंय ते कुणीतरी बघायला नको का?”

असा हा माणूस. मला मात्र नेमका असाच सोबती हवा होता.

थिएटरात गर्दी होती, आणि ती नेहमीच्या सिनेमाची नव्हती. नव्या साड्या, इस्त्रीचे झब्बे, नातवाच्या हाताला धरून आलेल्या आज्या. घरात फराळ उरकून अख्खी कुटुंबंच्या कुटुंबं आली होती. अनेकांनी मूळ नाटक पाहिलेलं असणार, निदान त्याची ध्वनिमुद्रिका झिजवलेली असणार. गोष्टीत मिरजेचं नाव आलं तेव्हा तर टाळ्याच पडल्या. बुवाने टाळी वाजवली नाही, पण खुर्चीत जरा ताठ बसला.

ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पुरुषोत्तम दारव्हेकरांचं हे नाटक 1967 च्या डिसेंबरात रंगभूमीवर आलं. विश्रामपूर संस्थानात राजगायकाच्या मानासाठी गाण्याची झुंज होते. जिंकणाऱ्याला मानाची कट्यार मिळते आणि त्या कट्यारीने केलेला एक खून माफ असतो. एका बाजूला सात्त्विक पंडितजी, दुसऱ्या बाजूला खाँसाहेब आफताब हुसेन बरेलीवाले. खाँसाहेबांचा गळा विजेसारखा आहे, पण दुसऱ्याच्या मागे राहण्याचं दुःख त्यांना पोखरतंय. मग पंडितजींचा शिष्य सदाशिव येतो आणि सूड म्हणून शत्रूच्याच घरी चाकरी धरून त्याची गायकी उचलायला बसतो. संगीत पंडित जितेंद्र अभिषेकींचं. दोन घराण्यांच्या दोन गायकी त्यांनी अशा वेगळ्या बांधल्या की डोळे मिटून ऐकलं तरी कोण गातंय ते कळावं. खाँसाहेब झाले वसंतराव देशपांडे. कित्येक वर्षं लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरी करत गायलेला हा गवई या भूमिकेने घराघरांत पोहोचला.

मध्यंतरात चहाचा कप हातात येण्याआधीच बुवाने तक्रारींचा पाढा सुरू केला. पहिली तक्रार अशी की खाँसाहेब दिसतात सचिन पिळगावकर आणि गातात राहुल देशपांडे. सदाशिव दिसतो सुबोध भावे आणि गातो महेश काळे. गळा एकाचा, चेहरा दुसऱ्याचा, हे कसलं गाणं? दुसरी तक्रार शंकर-एहसान-लॉय यांच्या नव्या गाण्यांबद्दल होती: अभिषेकीबुवांची पदं असताना नवी कशाला? आणि तिसरी, सगळ्यांत मोठी: “पदं कापली रे! रंगायला लागलं की संपतंय.”

पहिल्या तक्रारीवर माझ्याकडे उत्तर होतं. शंकर महादेवन पंडितजी झालेत आणि स्वतःच गातायत, म्हणजे एका तरी गळ्याला त्याचा चेहरा मिळालाय. शिवाय 2010 मध्ये सुबोध भावेने हेच नाटक रंगभूमीवर पुन्हा उभं केलं, तेव्हा राहुल देशपांडे खाँसाहेब होते आणि महेश काळे सदाशिव. म्हणजे हे गळे आयत्या वेळी बाहेरून आणलेले नाहीत, या भूमिका अंगावर घेऊन गायलेले आहेत. राहुल तर वसंतरावांचा नातू. आजोबा गेले तेव्हा तो जेमतेम तीन-चार वर्षांचा होता. पुढे 2022 मध्ये ‘मी वसंतराव’ आला, तेव्हा त्याने पडद्यावर आजोबांचीच भूमिका केली आणि गायलाही तोच. त्या गाण्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. महेश काळे हे अभिषेकीबुवांचे शिष्य. कट्यारमधल्या गायनासाठी त्यांनाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

तिसऱ्या तक्रारीवर मी म्हटलं, “पदं कापायला सुरुवात सिनेमाने नाही केली बुवा. तुझ्या अभिषेकीबुवांनीच केली.”

बुवाचा कप हवेतच थांबला. पण ते खरंच आहे. गोव्याच्या मंगेशीतून आलेले अभिषेकी 1964 मध्ये ‘मत्स्यगंधा’ नाटकापासून नाट्यसंगीतात उतरले, तेव्हा एकेका पदावर रात्र जागवण्याचे दिवस सरले होते. त्यांनी पद आटोपशीर केलं, तानांची आतषबाजी आवरली आणि पदाला नाटकाच्या प्रसंगात नीट बसवलं. बालगंधर्व ऐकून म्हाताऱ्या झालेल्या रसिकांना तेव्हा तेही कापलेलंच वाटलं असेल. आज आपण ज्याला ‘मूळ’ म्हणून कवटाळतो, ते त्या काळचं नवंच होतं. अजून मागे जा. 1911 मध्ये खाडिलकरांचं ‘मानापमान’ आलं. त्याच्या चाली गोविंदराव टेंब्यांनी दिल्या, आणि त्यासाठी पूरब अंगाच्या ठुमरी-कजरीच्या ढंगाकडे सरळ हात पसरला. किर्लोस्करी वळणाच्या पदांची सवय असलेल्या कानांना ते परकंच होतं. म्हणजे मराठी संगीत नाटकाची परंपरा दर पिढीला बदलत आलेली आहे. बदललेलं चाललं नसतं, तर 1880 च्या ‘शाकुंतला’नंतर आपण तिथेच बसलो असतो.

बुवाने चहाचा घोट घेतला आणि मग जे बोलला ते अजून माझ्या डोक्यात आहे.

“अभिषेकीबुवांनी कापलं, मान्य. पण ते कापलेलं गाणाऱ्याला वाढवता येत होतं. एखाद्या रात्री वसंतरावांना वाटलं, लोकांनी दाद दिली, की तेच पद पसरायचं. इथे कुणाला वाटणार? लांबी ठरली ती संकलकाच्या टेबलावर. आता सांग, वन्समोअर मागायचा कोणाकडे?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण नाटक आणि सिनेमा यांतला खरा फरक त्याने नेमका पकडला होता. संगीत नाटकातलं पद किती वेळ चालेल, हे संहितेत लिहिलेलं नसायचं. ते त्या रात्रीचा गवई आणि त्या रात्रीचं थिएटर मिळून ठरवायचे. बालगंधर्वांच्या साथीला तबल्यावर अहमदजान थिरकवा आणि सारंगीवर कादरबक्ष असायचे. समेवर आलं की थिएटरातून ‘वा’ उठायची, वन्समोअर यायचा, आणि ‘मानापमान’मधली त्यांची भामिनी गोष्ट बाजूला ठेवून पुन्हा तेच पद वेगळ्या अंगाने गायची. नाटक पहाटेपर्यंत चालायचं ते त्यामुळेच. वन्समोअर हा प्रेक्षकाचा हक्क होता. तिकिटाचे पैसे देऊन त्याला गाण्यातला वाटा मिळायचा.

सिनेमा आला आणि हा वाटा गेला. गंमत म्हणजे पहिल्यांदा सिनेमात शिरली ती नाटकाचीच माणसं. 1932 मध्ये आमच्या शेजारच्या कोल्हापुरात प्रभातने ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट काढला. त्याचं संगीत कोणाचं? मानापमानवाल्या गोविंदराव टेंब्यांचं. हरिश्चंद्र कोण झालं? तेही टेंबेच. त्या वेळी पार्श्वगायन नव्हतं. नट कॅमेऱ्यासमोर उभा राहून स्वतः गायचा आणि साथीदार कॅमेऱ्याच्या नजरेआड बसायचे. गळा आणि चेहरा यांची फारकत झाली ती 1935 च्या सुमाराला पार्श्वगायन आल्यावर. त्याच 1935 मध्ये खुद्द बालगंधर्व प्रभातच्या ‘धर्मात्मा’त संत एकनाथ झाले. ज्यांच्या भामिनी-रुक्मिणीसारख्या स्त्रीभूमिकांवर महाराष्ट्र वेडा झाला, ते पडद्यावर पुरुषवेषात आले. मग ते सिनेमात रमले नाहीत, पुन्हा नाटकाकडे वळले. ज्यांचं अवघं गाणं समोरच्या रसिकाच्या दादेवर फुलत होतं, त्यांच्यासमोर स्टुडिओत होते दिवे आणि कॅमेरा. कॅमेरा दाद देत नाही.

उत्तरार्धासाठी आत जाताना माझ्या डोक्यात हेच होतं. म्हणून मी पडद्यापेक्षा थिएटरकडे जास्त बघत होतो. आणि तिथे जे दिसलं त्याने बुवाचं म्हणणं अर्धं खरं ठरलं, अर्धं खोटं.

सदाशिवाच्या तोंडी असलेलं सकाळच्या रागातलं पद सुरू झालं, तशी कुजबुज थांबली. मागच्या रांगेतल्या पोराच्या वेफर्सच्या पिशवीचा आवाजही बंद झाला. तान वर चढत गेली आणि समेवर येताच अख्ख्या थिएटराच्या तोंडून एकदम ‘आहा’ निघालं. टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेतले एक आजोबा हात वर करून ओरडले, “वन्समोअर!” लोक हसले. पडद्यावरचा सदाशिव अर्थातच थांबला नाही, कथा पुढे सरकली. पण त्या हसण्यात टिंगल नव्हती. प्रत्येकाला तेच म्हणायचं होतं, आजोबांनी ते मोठ्याने म्हटलं इतकंच.

ही दाद पोहोचली कोणाला? गवई तर तिथे नव्हता. महेश काळे त्या क्षणी जगाच्या पाठीवर कुठेतरी असतील. ते राहतात अमेरिकेत. पण दाद पोहोचली, शेजारच्या खुर्चीत. ज्या बाईंना तो सूर कुठे लागला ते कळलं नव्हतं, त्यांना शेजारणीच्या ‘आहा’मुळे कळलं. ज्या पोराने शास्त्रीय गाणं म्हणजे आजोबांचा रेडिओ एवढंच ऐकलं होतं, त्याने पहिल्यांदा तीनशे माणसांना एकाच क्षणी मान हलवताना बघितलं. नाटकात दाद गवयाकडे जायची आणि गाणं वाढवून परत यायची. सिनेमात ती गवयाकडे जात नाही, पण प्रेक्षकांमध्ये फिरते. गाणं वाढत नाही, ऐकणारा वाढतो. मोबाइलवर कानात बोंडं घालून तेच पद ऐकलं तर सूर तेच लागतील, हे मात्र होणार नाही.

बाहेर पडताना बुवाला विचारलं, “कुठे कुठे चुकलं?”

“पुष्कळ ठिकाणी,” तो म्हणाला. “पुढच्या रविवारी परत येऊ. तेव्हा नीट यादी करतो.”

तेव्हापासून प्रत्येक संगीतपटाला आम्ही दोघं जातो. ‘मी वसंतराव’ला गेलो, 2025 च्या जानेवारीत सुबोध भावेच्याच ‘संगीत मानापमान’ला गेलो. दर वेळी भांडतो. बुवाला जुनं हवं असतं, मला नवं चालतं, आणि चहा गार होतो. पण भांडायला मुळात चित्रपट थिएटरात टिकला पाहिजे, आणि दिवसेंदिवस तेच कठीण होत चाललंय. मराठी चित्रपटाला मिळतात मोजके खेळ; तेही सकाळी साडेनऊचा नाहीतर दुपारच्या आडवेळेचा. पहिल्या तीन दिवसांत खुर्च्या रिकाम्या दिसल्या की सोमवारी खेळ कमी होतात आणि शुक्रवारी चित्रपट उतरतो. “ओटीटीवर येईल तेव्हा बघू” असं म्हणणारा रसिक गाण्याचा कितीही भक्त असला, तरी थिएटराच्या हिशेबात तो शून्य असतो. कट्यार टिकली कारण सलमानच्या समोर, ऐन दिवाळीत, लोक पहिल्याच आठवड्यात घरातल्या तिन्ही पिढ्यांना घेऊन आले.

म्हणून वाचकहो, दोनच गोष्टी सांगायच्या आहेत. पुढचा मराठी संगीतपट लागेल तेव्हा पहिल्या रविवारच्या आत जा आणि एखाद्या बुवाला सोबत न्या. आणि तुमच्या गावात संगीत नाटकाचा प्रयोग लागला, तर त्याचंही तिकीट काढा. तिथे गवई समोर असतो आणि वन्समोअर मागितला तर अजूनही मिळतो.