चेंडू आधी, संगणक नंतर

सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ॲनिमेशन, दृश्यपरिणाम व गेमिंगसाठी मुंबईत राष्ट्रीय उत्कृष्टता केंद्र उभारण्यास मंजुरी दिली. या निर्णयाचे स्वागत करतानाच मला एक साधा प्रश्न पडतो : नवशिक्याला तेथे पहिल्या दिवशी काय शिकवणार?

उत्तर जुनेच आहे, उसळणारा चेंडू. एका सेकंदात २४ चौकटी. प्रत्येक चित्र दोन चौकटींपुरते टिकवले, तर १२ चित्रे. चेंडू उंचीवर रेंगाळतो तेथे चित्रे दाट, जमिनीकडे झेपावतो तेथे विरळ. वजन आणि गती यांचे भान येथून येते. त्यासाठी कागद, पेन्सिल आणि चूक दाखवणारा शिक्षक पुरतो. १९५६ मध्ये डिस्नेचे क्लेअर वीक्स मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये आले. राम मोहन त्यांच्याच हाताखाली घडले.

आज अनेक खासगी वर्ग मात्र भरमसाट शुल्क आकारून सॉफ्टवेअरची बटणेच शिकवतात. परदेशी स्टुडिओंसाठी दोन मुख्य चित्रांमधील चित्रे भरून देण्याचे काम आपल्याकडे येत असे. तेच आता यंत्र करू लागले आहे. बटणांपुरते शिकलेल्याने मग जावे कोठे? म्हणूनच या केंद्राच्या खर्चात संगणकांसाठी किती आणि शिक्षक घडवण्यासाठी किती, हे मला आधी पाहायचे आहे.