खेळण्यावर सही कोणाची?

बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातील ललित कला शाखेने १९६१ साली कलामेळा भरविण्यास प्रारंभ केला. या मेळ्यांसाठी तेथील अध्यापक के. जी. सुब्रमण्यन यांनी लाकडाचे तुकडे, मणी व चामडे जोडून खेळणी घडविली आणि सामान्य नागरिकाला परवडेल अशा दरात ती विकली गेली. बेचाळीसच्या लढ्यात कारावास भोगलेल्या व पुढे शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्यापाशी शिकलेल्या या चित्रकारास त्यात कमीपणा वाटला नाही. (त्या पिढीला हातांच्या श्रमाचे मोल वेगळे शिकवावे लागत नसे.)

आज स्वतंत्र कलावंत आपल्या कल्पनेतील मोजकी खेळणी घडवून प्रदर्शनात मांडतात. चित्राच्या चौकटीपुढे मान लववणारा रसिकच तेथे ‘एवढ्याशा बाहुलीला एवढी किंमत?’ म्हणून घासाघीस करतो! मात्र त्या कलावंताची निदान सही तरी असते. आपल्या शेजारच्या सावंतवाडीत, चितारआळीत, लाकडी फळे रंगविणाऱ्या कारागिराचे नाव कोणा गिऱ्हाइकाने कधी विचारले आहे काय? सहीचे खेळणे ती कलाकृती आणि बिनसहीचे तो बाजारी जिन्नस, हा न्याय आम्हास मान्य नाही.

पणजीच्या आल्तिनोवरील कला महाविद्यालयाने असा मेळा भरवावा. वाडीच्या चिताऱ्यांना त्यात शोभेचे पाहुणे म्हणून नव्हे, तर शिक्षक व विक्रेते म्हणून बसवावे. प्रत्येक खेळण्याच्या तळाशी कर्त्याचे नाव व किंमत लिहावी. आणि काचेची कपाटे कृपा करून मागवू नयेत, मुले येणार आहेत.