कासचे पठार आणि वाफसा

पावसाळा सरत आला की साताऱ्याच्या पश्चिमेस सुमारे २५ किलोमीटरवर असलेल्या कासच्या पठारावर फुले पाहणाऱ्यांची रीघ लागते. २०१२ साली पश्चिम घाटाच्या जागतिक वारसास्थळांत या पठाराचा समावेश झाल्यापासून ती वाढतच गेली. तेथे नियम आहेत : आखलेली वाट सोडू नये, फूल तोडू नये, कचरा टाकू नये. दिवसास ३,००० माणसांची मर्यादाही ठरविण्यात आली. "फुलांत चार पावले टाकली तर काय बिघडले?" असे पाहुणे विचारतात. या प्रश्नाचे उत्तर शेतकऱ्याइतके नेमके दुसऱ्या कोणास देता येणार नाही.

वाफसा आल्यावाचून आपण शेतात औत घालीत नाही. ओल्या जमिनीवर बैलांचे पाय पडले की ती दबते, तिच्यात हवा खेळत नाही, हे आपणांस शिकवावे लागत नाही. कासच्या सड्यावर मातीचा थर कित्येक ठिकाणी बोटभरही नसतो, आणि पाहुणे येतात ते नेमके वाफसा नसताना. शेतातील ढेकूळ कुळवाने फुटेल; सड्यावर कुळव कोण चालविणार? या मातीत नत्र इतके थोडे की दवबिंदू व सीतेची आसवे या वनस्पती किडे धरून आपली गरज भागवितात.

मात्र नियमांचा भार कोणी वाहावा, याविषयी माझे मत स्पष्ट आहे. पठारास कुंपण घातले तेव्हा गावची गुरेही बाहेर राहिली. पुढे गवत माजून ठेंगणी फुले झाकली जाऊ लागली, असे काही अभ्यासकांनी सांगितले, आणि अखेर कुंपण काढण्यात आले. ते योग्यच झाले. मोकाट चराईचे समर्थन मी करीत नाही. परंतु बेताची चराई येथील जुनी रीत आहे, मोटारींची रांग नवी. निर्बंध प्रथम चाकांवर व बुटांवर असावा.

कास, एकीव, आटाळी, कासाणी येथील तरुण भर पावसात उभे राहून हे नियम पाळवून घेतात, आणि पुष्कळदा पाहुण्यांची बोलणीही खातात. आपल्या गावच्या सड्यावरही आता गाड्या येऊ लागल्या असतील, तर ग्रामसेवकांनी ग्रामसभेत वाहनतळ व वाट आताच ठरवून घ्यावी. वाटेच्या कडेचे दगड मात्र पहिल्या पावसापूर्वी लावावेत. नंतर लावावयास जाणारी माणसेच सडा तुडवितात.