पहिल्या हिमाचा भरवसा

हिमस्खलन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे माघातला, हिमाने गच्च भरलेला पर्वत उभा राहतो. हिम थोडे तर धोकाही थोडा, असा आपला साधा हिशेब असतो. हिमालयातील हंगामाच्या आरंभी, आश्विन-कार्तिकात, हाच हिशेब माणसाला फसवतो.

४ ऑक्टोबर २०२२ रोजी गढवालातील ‘द्रौपदी का दांडा’ या शिखराजवळ उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचे प्रशिक्षणार्थी आणि प्रशिक्षक हिमस्खलनात सापडले. एकोणतीस जणांना आपण मुकलो. त्यांत प्रशिक्षिका सविता कंसवाल होत्या. त्याच वर्षीच्या मे महिन्यात त्यांनी एव्हरेस्ट आणि मकालू ही दोन्ही शिखरे सर केली होती. अनुभव असला म्हणजे डोंगर सवलत देतो, असे मुळीच नाही.

प्रत्येक दुर्घटनेचे कारण सारखे नसते. तरी आरंभीच्या हिमाचा एक दोष समजून घेण्याजोगा आहे. पहिले हिम पातळ असते. त्याच्याखालची जमीन अजून ऊब धरून असते आणि वर निरभ्र रात्रीचा कडाका असतो. या तफावतीमुळे थरातून वाफ वर सरकते आणि तळाच्या हिमाचे साखरेसारखे सुटे, एकमेकांना न चिकटणारे कण बनतात. त्यावर पुढचे हिम वाऱ्याने दडपून बसले की पाटावर साखर पसरून वर फरशी ठेवावी आणि पाट कलता करावा, तशी अवस्था होते. तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर ती फरशी एका पावलानेही सुटू शकते. माणसे ज्यात सापडतात ते हिमस्खलन बहुधा त्यांच्याच पावलांनी सुटलेले असते. त्यातच हिम पातळ असल्याने खडक वरच असतात, आणि लहानशी घसरणही माणसाला त्यांच्यावर नेऊन आदळते.

पंचांगावरही विसंबता येत नाही. ऑक्टोबर २०१४ मध्ये विशाखापट्टणमला धडकलेल्या ‘हुदहुद’ चक्रीवादळाने दोनच दिवसांत नेपाळमधील अन्नपूर्णा परिसरात प्रचंड हिमवर्षाव केला. हिमवादळात आणि हिमस्खलनांत चाळीसहून अधिक लोक दगावले. तो महिना तेथे पदभ्रमणाचा सर्वोत्तम काळ मानला जातो!

गाडलेल्याला शोधणारे यंत्र, लांब शोधकाठी आणि फावडे प्रत्येकाजवळ असलेच पाहिजे, कारण पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढलेले बहुतेक जण वाचतात, अर्ध्या तासानंतर फारच थोडे. बाहेरची मदत तेवढ्या वेळात पोहोचत नाही. पण ही साधने अपघातानंतरची. अपघात टाळण्याचा खात्रीचा उपाय म्हणजे मागे फिरणे, आणि तेच आपण अवघड करून ठेवले आहे. दिवाळीच्या सुट्टीत महाराष्ट्रातून हिमालयात जाणाऱ्यांची परतीची तिकिटे ठरलेली असतात, पैसे भरलेले असतात. हिमस्खलनाचा इशारा आला तरी ‘एवढे लांब आलो, आता परत कसे जायचे?’ हाच प्रश्न आधी उठतो. वाटाड्याला आणि भारवाहकाला तर परत फिरणे म्हणजे पुढच्या दिवसांची मजुरी बुडणे. त्याने धोका ओळखला तरी तो कोणत्या तोंडाने सांगणार? मोहीम आखणाऱ्यांनी मोकळे दोन दिवस हाताशी ठेवावेत आणि अर्ध्या वाटेवरून परतल्यास या माणसांना पूर्ण मजुरी मिळेल, हे निघण्यापूर्वीच लिहून द्यावे.